झाडाला हात लावा!

मंडळी, आज थोडं वादग्रस्त बोलतो. वाईच्या आळ्याआळ्यांतली फळझाडं दोन प्रकारच्या लोकांमुळे चालली आहेत. पहिले, ज्यांना झाडच नको असतं. पानं पडतात, गाडी लावायला जागा राहत नाही, माकडं येतात, वगैरे. दुसरे, ज्यांचं झाडांवर इतकं प्रेम असतं की फांदीला कोणी करवत लावलेली त्यांना खपत नाही. पहिल्यांना शिव्या घालणारे लेख रग्गड आहेत. आज दुसऱ्यांची पाळी. कारण दुसऱ्यांमध्ये आपण येतो.

'आपण' म्हणजे कोण ते सांगतो. घर वाईत, नोकरी हिंजवडीत किंवा खराडीत, नाहीतर थेट बंगळुरूला. शनिवारी सकाळी निघायचं, सुरूर फाट्याला वळायचं आणि जेवायला घरी. रविवारी संध्याकाळी लोणच्याची बरणी डिकीत टाकून परत. डेस्कटॉपवर जंगलाचा फोटो. वर्षातून एकदा ऑफिसच्या वृक्षारोपणात कंपनीचा टी-शर्ट घालून एक रोप लावायचं (आणि त्याचं पुढे काय झालं ते विचारायचं नाही). अशा माणसाला वडिलांनी फोनवर विचारलं, "आंब्याची रस्त्यावर आलेली फांदी जरा छाटून घेऊ का रे?" की उत्तर ठरलेलं असतं. "नको हो बाबा, झाड कशाला तोडताय?" झालं! दहा सेकंदांत पर्यावरण वाचलं.

वाचलं का खरंच? पुढे काय होतं ते बघा.

फांदी वाढत जाते आणि तारांना टेकते. पावसाळ्याच्या तोंडावर तारा मोकळ्या करायला शिडी, दोर आणि कोयते घेऊन माणसं येतात. त्यांना एका दिवसात अख्खा रस्ता उरकायचा असतो, त्यामुळे झाडाकडे बघत बसायला वेळ कोणाकडे आहे? तारेच्या बाजूचं अर्धं झाड उतरवलं जातं. हातभर खुंट तसेच राहतात, जड फांदी खाली येताना साल सोलपटून खोडापर्यंत फाटते, आणि पाडाला आलेल्या आंब्यांसकट सगळा पसारा ट्रॉलीत जातो. झाड एका अंगाला जड होतं. पावसात त्या जखमांमध्ये पाणी मुरतं, बुरशी धरते, खोड आतून कुजायला लागतं. खुंटांवर धुमाऱ्यांचे झुपके फुटतात. लांबून बघणारा म्हणतो, "बघा, पुन्हा फुटलं झाड!" पण हे धुमारे सालीलगत वरवर धरलेले असतात. काही वर्षांनी जाड झाले की वळवाच्या एका वाऱ्यात तेच आधी मोडतात.

मग एक दिवस असा धुमारा कोणाच्या तरी गाडीच्या टपावर येतो. आळीत चर्चा होते, अर्ज जातो, झाड 'धोकादायक' ठरतं. एका सकाळी यांत्रिक करवतीचा आवाज येतो आणि संध्याकाळी तिथे दोन गाड्या लागलेल्या असतात.

या सगळ्यात झाड नेमकं कोणी मारलं? करवतवाल्याने? अर्ज करणाऱ्याने? माझ्या मते ज्या दिवशी मनगटाएवढी फांदी नीट कापायला आपण नको म्हटलं, त्या दिवशी झाडाची वाट लागली.

आपल्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. प्रत्येक कंपनीत एक जुना कोड असतो. त्याला हात लावायला सगळे घाबरतात. "चालतंय ना, मग राहू दे." दर वर्षी थोडी साफसफाई केली असती तर तो अजून दहा वर्षं धावला असता. ती होत नाही, गुंता वाढतो, आणि एक दिवस नवा मॅनेजर येऊन सांगतो, सगळं फेकून द्या. जो कोडला कधीच हात लावत नाही आणि जो तो अख्खा फेकून देतो, ते दोघं एकाच कामाचे दोन भागीदार असतात. झाडाचंही तसंच आहे. फरक एवढाच की कोड सहा महिन्यांत परत लिहिता येतो, रायवळ आंब्याला फळ धरायलाच सात-आठ वर्षं लागतात.

आता छाटणी म्हणजे काय ते थोडं. कारण छाटणी आणि तोडणी यांतला फरक आपल्याला शाळेत कोणी शिकवत नाही. ज्या गावात मराठी विश्वकोश घडला त्या गावातसुद्धा शंभरातल्या नव्वद जणांना फांदी नेमकी कुठे कापायची हे सांगता येणार नाही, अशी पैज मी लावायला तयार आहे.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो, मनगटावर बांगडी असावी तसा. कापायचं ते त्या फुगवट्याच्या जरा बाहेर. फुगवटा कापायचा नाही आणि पुढे खुंटही ठेवायचा नाही. झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंत उभारतं आणि कुजलेला भाग कोंडून टाकतं. हे नीट उलगडून दाखवलं ते अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो नावाच्या शास्त्रज्ञाने, १९७० च्या दशकात. हा माणूस झाडं यांत्रिक करवतीने उभी चिरून आतली कूज कुठून कुठे पसरली ते बघायचा. जखम झाकायला भिंत आणि वर नवी साल उभी करण्याची ताकद त्या फुगवट्यात असते. तो शाबूत ठेवला तर झाड स्वतःची काळजी घेतं.

जाड फांदी एका घावात कधी पाडायची नाही. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश खाच. मग त्याच्या थोडं पुढे वरून कापायचं. फांदी साल न फाडता सुटून पडते. उरलेला खुंट मग आरामात फुगवट्याबाहेर कापायचा. तीन काप, दहा मिनिटं जास्त. आपल्याकडे वर चुना आणि मोरचुदाची बोर्डो पेस्ट लावतात. बुरशीनाशक म्हणून ती लावावी, पण कसाही कापून वर पेस्ट फासली की पाप धुतलं, असं होत नाही.

आणि वेळ. आंब्याला मोहोर येतो तो पक्व झालेल्या शेंड्यांवर. म्हणून आंबा छाटायचा तो शेवटची फळं उतरवल्यावर लगेच, म्हणजे नव्या पालवीला जून व्हायला थंडीपर्यंत वेळ मिळतो. दिवाळीत घर रंगवताना "लागलं हात तर झाडही आटपून टाका" म्हणणारे लोक पुढच्या वर्षीचा मोहोर कापून टाकतात आणि मग म्हणतात, झाड म्हातारं झालं, धरत नाही. पेरूचं उलटं आहे. त्याला नव्या फुटीवर फळ येतं, त्यामुळे न छाटलेला पेरू उंच होत जातो आणि पोपटांना खाऊ घालतो. फणस खोडावर आणि जुन्या जाड फांद्यांवर धरतो, त्याचे शेंडे विरळ केल्याने फळ जात नाही. जांभूळ आणि शेवगा मुळातच ठिसूळ. त्यांच्या लांबलचक आडव्या फांद्या रस्त्यावर राहू देणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

शिवाय बांडगूळ. ही शिवी आपण राजकारण्यांना देतो, पण खरं बांडगूळ आपल्याच आंब्यावर बसलेलं असतं. फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बिया फांद्यांवर पुसतो. बी फांदीत मुळं घुसवून झाडाचा रस पिते. नुसती बांडगुळाची पानं ओरबाडून उपयोग नाही, जिथे ते चिकटलंय त्याच्या खालून फांदीच काढावी लागते. 'झाडाला हात लावू नका' म्हणणारे या झाडाचं काय करणार आहेत? बांडगुळाला समजावून सांगणार?

थोडक्यात, अंगठ्याएवढी फांदी दर वर्षी कापली तर मांडीएवढी फांदी कापायची वेळ सहसा येत नाही.

"पण कायदा आहे ना?" आहे. राज्याच्या शहरी भागांतल्या झाडांसाठी १९७५ सालचा कायदा आहे. त्यात 'झाड तोडणं' या शब्दांच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्तीचं संरक्षण मिळालं. या कायद्याशी माझं भांडण नाही, तो नसता तर उरलीसुरलीही गेली असती. भांडण आहे ते आपण त्यातून काढलेल्या अर्थाशी. कायदा म्हणतो, विचारून करा. आपण ऐकतो, करूच नका. अर्ज लिहायचा कंटाळा आपण निसर्गप्रेमात गुंडाळून ठेवला आहे.

झाड राखणं म्हणजे काय, याचा जास्त शहाणा विचार याच मातीत तीनशे वर्षांपूर्वी झालेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, सन १७१५ च्या सुमाराचं. त्यात आरमारासाठी लाकूड कुठून आणायचं ते सांगताना आंबा आणि फणस यांना हात लावायची मनाई केली आहे. कारण काय दिलंय? झाडं पवित्र आहेत म्हणून? नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून. आणि एखादं झाड जीर्ण, निकामी झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन ते न्यायची मुभाही तिथेच आहे. म्हणजे झाडाला राखतं कोण, तर ज्याने वाढवलं आणि ज्याला त्याचं फळ मिळतं तो माणूस. झाडाचा हिशोब माणसाला धरून केलेला आहे.

माझा मुख्य मुद्दा हाच. रस्त्यावरचं फळझाड जगतं ते कोणीतरी ते खातं म्हणून. ज्या झाडाची कैरी आळीतल्या चार घरांच्या लोणच्यात जाते, त्या झाडावर कोणी अर्ज करत नाही. ज्याचे आंबे डांबरावर सडतात, माशा घोंगावतात, दुचाकी घसरते, त्या झाडाचा सगळ्यांना त्रासच असतो. झाड तेच. खाणारं गेलं की फळाचा कचरा होतो, आणि कचरा करणारं झाड कोणाला हवं असतं?

खाणारं गेलं कुठे? आपण गेलो ना. प्रत्येक आळीत कधीकाळी झेला घेऊन फिरणारा एखादा काका असायचा आणि कुठल्या झाडाचा आंबा खोबऱ्या, कुठला गोटी, कुठला नुसता आंबट, हे त्याला पाठ असायचं. आढी घालणाऱ्या आज्या होत्या. आंबोशी, मेथांबा, चिंचेचे गोळे, आवळ्याची सुपारी, सांडग्यांबरोबर वाळत पडलेल्या फणसाच्या आठळ्या, हे सगळं त्या झाडांच्या देखभालीचं खातं होतं. कार्तिकात आवळीभोजनाला माणसं झाडाखाली पंगत मांडायची, म्हणजे वर्षातून एकदा तरी वर बघणं व्हायचं. कीड, वाळकी फांदी, पोळं, सगळं नजरेला पडायचं. आता आपण पुण्यात बसून ॲपवरून 'नैसर्गिक पद्धतीने पिकवलेला' आंबा पेटीने मागवतो. त्याच आठवड्यात वाईतल्या घरापुढे विनाफवारणीचा, झाडावर पाड लागलेला आंबा गटारात पडत असतो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पुढची पायरी तर अजून सरळ आहे. घरातलं शेवटचं म्हातारं माणूस गेलं की वाड्याला कुलूप लागतं. मग भावंडांची सही, बिल्डर, आणि नकाशात परसातल्या फणसाच्या जागी 'पार्किंग'. त्या बैठकीला आपण व्हिडिओ कॉलवर हजर असतो. झाडाचा विषय निघालाच तर एक उसासा सोडतो आणि म्हणतो, "बघा बुवा, काय योग्य वाटेल ते." छाटणीला ठाम 'नको' म्हणणारा आवाज तोडणीच्या वेळी इतका मऊ कसा होतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

हे सगळं आपल्याच नशिबी आहे असं समजू नका. जर्मनीत गावोगावच्या रस्त्यांवर सफरचंद, चेरी, नाशपातीची झाडं आहेत आणि तिथेही फळं सडून जात होती. २००९ मध्ये काही तरुणांनी सर्वांना खुल्या असलेल्या फळझाडांचा नकाशा इंटरनेटवर सुरू केला. नाव ठेवलं 'मुंडराउब', म्हणजे तोंडापुरती चोरी. खाण्यापुरतं काही उचललं तर त्याला जर्मन कायद्यात वेगळा, किरकोळ गुन्हा मानत आणि तो प्रकार रद्द झाला तो १९७५ मध्ये, आपल्याकडे झाडांचा कायदा आला त्याच साली. पुढे तिथल्या काही भागांत मालकाने झाडाला पिवळी फीत बांधायची प्रथा सुरू झाली. पिवळी फीत दिसली की न विचारता फळं काढा. आणि फांदी शेजाऱ्याकडे गेली असेल तर खाली पडलेलं फळ शेजाऱ्याचं, हे तर त्यांच्या दिवाणी संहितेतच लिहिलंय. आपल्याला संहिता बदलायची गरज नाही. पण आळीत बसून चार लोकांनी ठरवायला कोणी अडवलंय?

आता नेहमीचे आक्षेप.

"माकडं येतात." येतात. फळं वेळेवर उतरवली तर कमी येतात. झाडावर पिकून लोंबणारे आंबे म्हणजे त्यांना लावलेला फलक आहे.

"वटवाघळं आणि निपाह?" भीती हवेतली नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये जाहीर केलं, आणि महाबळेश्वर आपल्या डोक्यावरच आहे. म्हणून उष्टं, चोच लागलेलं, पडून फुटलेलं फळ खायचं नाही आणि बाकीचं धुऊन खायचं. इथेही उपाय तोच, फळ झाडावर पिकू न देता झेल्याने उतरवून आढीत घालायचं.

"फळांवरून भांडणं होतात." होऊ द्या की! ज्या वस्तूवरून माणसं भांडतात ती वस्तू टिकते. गुलमोहरावरून कधी भांडण झालेलं ऐकलंय?

"पोरं दगड मारतात." पोरं दगड मारायची थांबली आहेत हीच खरी काळजीची गोष्ट आहे.

नुसती टीका करून पळून जाणं बरं नव्हे, म्हणून माझ्याकडून एक साधा मसुदा:

१. आंबा उतरला की जूनमधला एखादा कोरडा रविवार 'आळीची छाटणी' म्हणून ठरवायचा. त्याच्या महिनाभर आधी सगळ्या झाडांचा मिळून एकच अर्ज नगरपालिकेत द्यायचा, कुठली फांदी आणि का, फोटोसकट. फोटो काढण्यात तरी आपण तरबेज आहोत.

२. तारांजवळच्या फांद्यांना आपण हात लावायचा नाही. ते काम वीज कंपनीच्या माणसांनी, पुरवठा बंद करून करायचं. पण ते काम चालू असताना आळीतला एक जण खाली उभा पाहिजे, "इथून नको, तिथून कापा" म्हणायला.

३. कुंपणाच्या आतलं फळ घरमालकाचं, कुंपणाबाहेर लोंबणारं आळीचं. आणि आळीच्या वाट्यात पहिला हक्क छाटणीला जो हजर होता त्याचा. पुण्याहून येऊन शिडी धरली असेल तर त्याचाही.

४. रस्त्याकडेला नवीन झाड लावायचं तर ज्याचं काहीतरी घरात येतं असं लावा. आवळा, पेरू, सीताफळ, कढीपत्ता हे तारांखालीही चालतात. आंबा, फणस, जांभूळ जिथे डोक्यावर मोकळं आभाळ आहे तिथेच.

यात पैसे लागत नाहीत, ट्रस्ट स्थापन करावा लागत नाही. एक चांगली घडीची करवत, एक शिडी, एक दोर, एक झेला. आणि वर्षातला एक रविवार, जो एरवी आपण हायवेवर टोलच्या रांगेत घालवणारच असतो :)

एक मात्र नक्की. ज्यांना ही झाडं ओळखता येतात अशी माणसं अजून आळीत आहेत, पण ती सत्तरीच्या पुढे आहेत. कुठल्या फांदीवर आंबा धरतो, कुठली वाळकी आहे, झेल्याची काठी किती लांब लागते, हे त्यांच्याकडून शिकायला आपल्याकडे फार पावसाळे उरलेले नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळी वडिलांचा फोन आला आणि त्यांनी फांदीबद्दल विचारलं, तर 'नको' म्हणू नका. म्हणा, "थांबा, रविवारी येतो, मी शिडी धरतो."